उरलं ते एकच युगुलगीत

१

सुदामा नगरमधल्या धारकरांच्या घरात पोह्यांच्या आधी गाणी लागत. त्या मंगळवारी ती लागली नाहीत.

मनोरमा धारकरांनी नेहमीसारखा लॅपटॉप उघडला, 'तानपेटी' नावाचा प्रोग्राम सुरू केला आणि 'सकाळ' या यादीवर माउस नेला. घरातली सगळी गाणी या प्रोग्राममध्ये लावून ठेवलेली होती. 'सकाळ' ही यादी त्यांनी स्वतः बनवली होती. तिच्यात त्यांच्या यजमानांच्या आवाजातली तीस-चाळीस गाणी होती. त्या दिवशी तिच्यात एकच गाणं दिसत होतं, 'दिवेलागण'. लक्ष्मीकांत धारकर आणि सुनंदा रेडे यांचं युगुलगीत.

खिडकीशी खुर्चीत लक्ष्मीकांत धारकर बसले होते. ते वीज खात्यातून निवृत्त झाले होते, आणि इंदूरच्या मराठी मंडळींत गणेशोत्सवातले गायक म्हणून सर्वांच्या ओळखीचे होते. गेल्या हिवाळ्यात पक्षाघाताचा झटका आला आणि उजवा हात गेला, वाचा गेली. समोरचा काय बोलतो ते सगळं समजे. उत्तर मात्र तोंडात येत नसे.

वाचा-उपचार करणाऱ्या बाईंना एक गोष्ट अचानक सापडली होती. धारकरांना बोलता येत नव्हतं, पण स्वतःचं जुनं गाणं लागलं की ओठ हलत, आणि सुरामागून शब्द येत. दुसऱ्या कुणी गायलं तर ते नुसते ऐकत. त्यांचा आवाज लागला पाहिजे, तोही रोज. 'पाण्यावरची वाट' या गाण्यातून त्यांना 'पाणी' हा शब्द परत मिळाला होता. दुसऱ्या एका गाण्यातून 'पुरे' आणि आणखी एकातून 'दुखतं'. बाईंनी बजावलं होतं, "खंड पाडू नका. हे शब्द अजून मुरलेले नाहीत. गाणं थांबलं, तर तेही जातील."

मनोरमाबाईंनी यादी बंद केली, पुन्हा उघडली. मग मुलाला हाक मारली.

संजीव दाढीचा साबण पुसत आला. त्याने शोधून पाहिलं, मग फोन काढला. कालच त्याने लॅपटॉपमधली गाणी फोनवर घेतली होती. फोनमध्येही वडिलांचं तेवढं एकच गाणं होतं.

"आई, हे आपोआप नाही झालं," तो म्हणाला. "बाकी सगळी फिल्मी गाणी, अभंग, जागच्या जागी आहेत. फक्त बाबांची गेली. वेचून नेलीत कुणीतरी."

खुर्चीतून धारकर दोघांकडे बघत होते. गाणं केव्हा लागतं, याची वाट पाहत होते.

२

तानपेटी बनवणाऱ्या कंपनीचं ऑफिस विजय नगरात होतं. श्रेया तिथे तक्रार-विभागात काम करी. ती मूळची सांगलीची. इंदुरात येऊन तिला तीन-एक वर्षं झाली होती. गाणं दोनदा दिसतं, अल्बमचं चित्र येत नाही, फोन जोडला तरी दिसत नाही, अशा तक्रारी दिवसभर येत. 'आमची गाणी चोरीला गेली आहेत' ही तक्रार पहिलीच होती.

तिने संजीवला फोन लावला.

"गाण्यांच्या नावापुढे लाल खूण आहे का?"

"मॅडम, नावंच नाहीत तर खूण कुठे लागणार?"

हा फरक बाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटला असता. गाण्याची फाइल हरवली, कुणी दुसरीकडे हलवली, डिस्क बिघडली, तर तानपेटीतलं नाव तसंच राहतं. प्रोग्राम गाणं शोधायला जातो, त्याला ते सापडत नाही आणि तो नावापुढे लाल खूण लावतो. नावासकट गाणं जातं ते एकाच परिस्थितीत. कुणीतरी प्रोग्राममध्ये बसून त्याला सांगावं लागतं, हे काढ.

तिने साहेबांना विचारलं. साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "युजरने डिलीट केलंय. आपल्याकडे परत आणायची सोय नाही. क्लोज कर."

ती तक्रार तिने बंद केली नाही. पत्ता सुदामा नगरचा होता, तिच्या भाड्याच्या खोलीपासून चालत जाण्याजोगा. रविवारी ती गेली.

तोवर धारकरांचा 'दुखतं' हा शब्द गेला होता. मनोरमाबाईंनी हे सांगताना आवाज चढवला नाही. "काल रात्री खांदा धरून बसले होते. आधी म्हणायचे, दुखतं. आता नुसतं बघतात. मला आधी वाटलं थंडी वाजते म्हणून. मी शाल घातली."

"ते युगुलगीत लावून पाहिलंत का, काकू?"

"लावलं ना. त्यात सगळं सुनंदाच गाते. यांच्या वाट्याला मागे नुसता आलाप. आलापात शब्द कुठून येणार?"

श्रेयाने लॅपटॉप तपासला. कचऱ्याची टोपली रिकामी होती. फाइली ठेवायच्या जागी फाइली नव्हत्या. मूळ कॅसेटी विचारल्या, तर मनोरमाबाईंनी कपाळाला हात लावला. त्यांनी मंडळातल्या बायकांबरोबर कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. एकेक कॅसेट वाजवून स्वतःच्या हाताने सगळी गाणी कॉम्प्युटरमध्ये भरली होती आणि स्वतःच नावं टाइप केली होती. कॅसेटींना बुरशी आली होती. काम झाल्यावर त्या सुक्या कचऱ्यात वेगळ्या बांधून कचरागाडीत दिल्या.

"प्लास्टिक वेगळं, रीळ वेगळं काढून दिलं," त्या म्हणाल्या. "गाडीवाला खूश झाला होता."

श्रेया हलक्या आवाजात म्हणाली, "काकू, बाहेरून कुणी केलेलं हे काम नाही. कुणीतरी या खुर्चीत बसून केलंय."

मनोरमाबाईंनी दार लोटलं.

"मला माहितेय कोण ते," त्या म्हणाल्या. "जिचं एक गाणं राहिलं ना, ती."

३

सुनंदा रेडे कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळ, म्हणजे होळकरांच्या समाध्यांजवळ, एका जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत. वय सत्तरीच्या पुढे, केसांना मेंदी, आवाज खणखणीत. श्रेयाला आत घेताच त्यांनी पुढ्यात शेव ठेवली.

"मनूनं पाठवलं ना? बस. म्हणाली असेल, सुनंदा येऊन कॉम्प्युटरपाशी बसली होती."

"बसला होतात?"

"बसले होते की. त्या सोमवारी दुपारी गेले होते लक्ष्मीकांतला बघायला. मनू चहा करायला गेली, तर मी आपलं ते गाणं लावलं. म्हटलं, आठवेल त्याला, आपण दोघं गायचो ते. पण तो ओळखीचं हसला, बस. माझं अर्धं आयुष्य त्याच्याबरोबर स्टेजवर गेलं, बाई. आता मी समोर बसते आणि त्याला माझं नाव येत नाही."

त्यांनी शेवेची बशी उगाच पुढे सरकवली.

"त्यांची बाकी गाणी तुम्ही काढली नाहीत?"

"काढायची असती तर मी तेच आधी काढलं असतं! ऐकलंयस का? अंतऱ्याला मी अशी घसरलेय ना, की आजही कानात बोटं घालावीशी वाटतात. चोरी करून आपलं सगळ्यात बेसूर गाणं पुराव्याला मागे ठेवणारी बाई बघितलीस कुठे?"

श्रेयाला हसू आलं. मुद्दा बिनतोड होता.

"पण मग तेच का राहिलं?"

"मला काय विचारते? मनूला विचार. तिला ते गाणं तसंही आवडत नाही." सुनंदाबाईंनी डोळे बारीक केले. "तशी गुणाची आहे हं. पण जुन्या वळणाची. एका वर्षी गणपतीत निवेदन करणारी मुलगी आजारी पडली, तर माइक मनूच्या हातात दिला. सगळ्यांची नावं घेतली हिनं, तबलेवाल्याचं, पेटीवाल्याचं, माझं. आणि यजमानांची पाळी आली तर म्हणते, 'आणि गातील... हे.' अख्खा हॉल हसला! लक्ष्मीकांतला तर सूर लावता येईना. आजतागायत कुणी ऐकलं नाही हो तिच्या तोंडून त्याचं नाव. मी म्हणायची, मनू, रेशनच्या लाइनीत काय सांगतेस? तर म्हणे, मी संजूला पाठवते."

जिना उतरताना श्रेयाचा फोन वाजला. संजीव होता.

"श्रेयाजी, सुनंदामावशीकडे वेळ नका घालवू. मी सांगतो कोण ते. ऋषभ. ज्यानं नवा लॅपटॉप बसवून दिला, तो. जुना कॉम्प्युटर त्याच्याकडेच गेला आणि आता म्हणतो, त्यात काहीच नाही."

४

ऋषभचं दुकान एका कॉम्प्लेक्सच्या तळमजल्यावर होतं. उघडे कॉम्प्युटर, वायरी आणि मधे कचोरीची पुडी. त्याचं मराठी गिऱ्हाइकांकडून शिकलेलं होतं.

"संजीव भिया माझ्यावर नाव टाकतात? घ्या! आपण तर जसं होतं तसं उचललं आणि तसं ठेवलं. दिवाळीच्या आधीची बात आहे. त्यानंतर काकाजींची गाणी रोज वाजत होती की नाही?"

"वाजत होती."

"मग? मी घरी बसून हवेतून काढली का? जुनी मशीन फॉर्मेट केली, कारण भियांनीच सांगितलं. एक्सचेंजमध्ये गेली. आता कुठे असेल, भगवान जाने."

"परवा त्यांनी तुम्हाला लॅपटॉप दाखवला होता ना? परत काही मिळालं नाही?"

ऋषभचा आवाज उतरला. "सगळं करून पाहिलं, मॅडम. ही नवी वाली डिस्क आहे. टोपली रिकामी केली की ती आतून पण साफ करून टाकते. जुन्या डिस्कमध्ये काही ना काही सापडायचं. यात नाही. मी काकाजींचं गाणं लहानपणी ऐकलेलं आहे, मॅडम. मिळालं असतं तर मी पैसे पण नसते घेतले."

श्रेया उठली. तो मागून म्हणाला, "चोर पण इंदोरीच असणार, बरं का."

"का?"

"अरे, देशात सफाईत नंबर वन ना आपण! सोनं पण नेलं आणि घरात झाडू पण मारून गेला! मी मशीन बदलली तेव्हा त्या प्रोग्राममध्ये किती कचरा होता, पुछो मत. गुड मॉर्निंगची गाणी, बँडबाजा, कुणाच्या बारशाची रेकॉर्डिंग, सगळं व्हॉट्सअॅपवरून आलेलं. मी म्हटलं पण, भिया, साफ करून देऊ? तर म्हणाले, राहू दे. परवा पाहतो तर सगळं चकाचक. काकाजी पण नाहीत आणि कचरा पण नाही."

श्रेया परत खुर्चीत बसली.

गाणी वेचून नेली, असं संजीव म्हणाला होता. ते खरं नव्हतं. धारकरांच्या गाण्यांबरोबर बारसं गेलं होतं, बँडबाजा गेला होता. ज्याने हे केलं, त्याला धारकरांची गाणी नकोच होती. त्याला आणखी काहीतरी काढायचं होतं, आणि ही गाणी त्यात सापडली. पण एका माणसाचा गळा आणि गुड मॉर्निंगची गाणी, या दोन्हींत सारखं काय होतं?

५

अनुश्री, संजीवची बायको, घरूनच मुलांना ऑनलाइन गणित शिकवी. दोन बॅचच्या मधे तिने श्रेयाला स्वयंपाकघरात बसवलं.

"आता माझी पाळी," ती म्हणाली. "विचारा. सासूबाईंनी सांगितलंच असेल, सकाळच्या गाण्यांवरून माझी कटकट चालायची म्हणून."

"नाही सांगितलं."

"अच्छा?" अनुश्री थोडी नरमली. "कटकट होती. सकाळी माझी बॅच असते, आणि बाजूच्या कमऱ्यात बाबा. मुलं म्हणायची, मॅम, आपके यहाँ कोई गा रहा है. पण म्हणून मी बाबांची भाषा बंद करीन का? ज्या दिवशी ते 'पाणी' म्हणाले ना, त्या दिवशी मी क्लास सोडून धावत बाहेर आले होते. मुलं स्क्रीनवर तशीच बसून राहिली."

तिने ओट्यावरचं पातेलं उगाच इकडचं तिकडे केलं.

"कोण करेल असं, कळतच नाही. संजीव तर वेडा झालाय. त्यालाच सगळ्यात जास्त पडलेली. बाबांना क्लिनिकला नेतो, तिथे पण गाणी लावता यावीत म्हणून आठवडाभर फोनशी झगडत होता. लॅपटॉपवरून फोनवर जातच नव्हती. दर वेळी मधेच थांबायचं."

"मधेच थांबायचं?"

"हो. मग सोमवारी संध्याकाळी गेली एकदाची. इतका खूश झाला, सगळ्यांसाठी रबडी घेऊन आला. आणि मंगळवारी सकाळी बघतो, तर ज्यांच्यासाठी एवढं केलं तीच गायब."

"सोमवारी त्यांनी काय वेगळं केलं?"

"ते नाही विचारलं. रबडी खाल्ली."

दुसऱ्या बॅचची वेळ झाली. अनुश्री गेली. श्रेया स्वयंपाकघरात एकटीच बसून राहिली. जोडणी मधेच का थांबते, हे तिला तोंडपाठ होतं. तिच्या विभागात सगळ्यात जास्त येणारी ती तक्रार होती. गाण्याच्या माहितीतला एक ठरावीक रकाना रिकामा असला, की तानपेटी गाणं फोनवर पाठवायचं नाकारते आणि तिथेच थांबते.

सोमवारी जोडणी पूर्ण झाली होती. म्हणजे सोमवारी रिकाम्या रकान्याचं एकही गाणं उरलं नव्हतं.

तिने हाक मारली, "काकू, जरा लॅपटॉपपाशी येता? आणि संजीवदादांनाही बोलवा."

६

चौघं बाहेरच्या खोलीत जमली. अनुश्री मुलांना उदाहरणं सोडवायला देऊन दारात येऊन उभी राहिली. खिडकीशी धारकर होते. श्रेयाला त्यांच्यासमोर बोलायचं नव्हतं, पण त्यांना दुसऱ्या खोलीत न्या असं म्हणायचं धाडस तिला झालं नाही.

"काकू, तुम्ही गाणी भरलीत तेव्हा काय काय लिहायचात?"

"गाण्याचं नाव. साल आठवलं तर साल. कुठलं ते. 'गौतमपुरा, गणपती', असं."

"आणि हा रकाना? गायक?"

मनोरमाबाईंनी पडद्याकडे पाहिलं. "तो नाही भरला."

"का?"

"का म्हणजे? गाणारे हेच. सगळी यांचीच. घरात कुणाला माहीत नाही का?"

"तरी लिहिता आलं असतं."

मनोरमाबाई लाजल्यासारख्या हसल्या. या वयात ते हसू फार लहान दिसलं. "मी कसं लिहिणार, बेटा? तोंडानं घेत नाही, तर हातानं काय लिहायचं? मला ते जमेचना. दोन अक्षरं टाइप केली आणि पुसून टाकली. म्हटलं, राहू दे. गाणं तर वाजतंय."

"आणि 'दिवेलागण'?"

"तिथे सुनंदाचं लिहिलं. तिचं नाव घ्यायला काय?"

श्रेयाने खुर्ची संजीवकडे वळवली. पुढचं तिने शक्य तितक्या सावकाश सांगितलं. तानपेटीत ज्या गाण्याला गायकाचं नाव नसतं, ते 'अज्ञात' या गठ्ठ्यात जाऊन पडतं. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या आवाजांनाही गायक नसतो. तेही तिथेच पडतात. धारकरांची सगळी गाणी बँडबाजा आणि बारशांच्या ढिगात पडली होती. यादीतून लावली की ती वाजत, म्हणून हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. एकाच गाण्याला नाव होतं, सुनंदाबाईंचं. ते ढिगात पडलं नाही, म्हणून वाचलं. सुनंदाबाईंनी काही केलं नव्हतं, ऋषभनेही नाही.

"संजीवदादा, सोमवारी तुम्ही अज्ञातचा गठ्ठा काढून टाकलात ना?"

संजीवने खिशातून फोन काढला.

"मी गाण्यांना हात लावला नाही," तो म्हणाला. "कचरा काढला फक्त. फोन अडत होता. तुमच्याच कंपनीच्या चॅटवर विचारलं. उत्तर आलं, अपूर्ण नोंदी काढून टाका, जोडणी सुरळीत होईल. तुमच्याच!"

"ते उत्तर मशीन देतं," श्रेया म्हणाली. ते खरं होतं, आणि त्याने काहीच बदलत नव्हतं.

"मी असंच नाही दाबलं बटण. तुम्हाला काय वाटतं, मी असंच दाबेन? आधी शोधलं. त्या सगळ्या ढिगात बाबांचं नाव टाकून शोधलं. लक्ष्मीकांत. मग धारकर. मग नुसतं बाबा. एकही निघालं नाही. आई, एकही निघालं नाही! म्हणून दाबलं. प्रोग्रामनं विचारलं, फाइली पण काढू का? मी म्हटलं, काढ. आणि मग टोपली पण..." त्याचा हात हवेत तसाच राहिला. "केर काढल्यावर डबा रिकामा करतोच ना आपण."

मनोरमाबाई सावकाश खुर्चीत बसल्या. पडद्यावर अजून तो रकाना उघडा होता.

"म्हणजे मी लिहिलं असतं तर," त्या म्हणाल्या.

"आई, नाही. मी एक गाणं वाजवून बघितलं असतं तर."

"तू नाव शोधलंस ना? मग तुझं काय चुकलं? नावच नव्हतं तिथे."

"तुझंही नाही चुकलं."

"मग कुणाचं?" मनोरमाबाईंनी श्रेयाकडे पाहिलं. त्यांचा स्वर तक्रारीचा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "बेटा, तू शोधून काढलंस सगळं. आता सांग, ती परत कशी येतील?"

श्रेयाने ऋषभचं सांगितलं. कंपनीकडे प्रत नसते, हेही सांगितलं. मंडळातल्या कुणी कार्यक्रमात टेप केलं असेल तर विचारून पाहता येईल, असंही ती म्हणाली. संजीवने मान हलवली. त्याचं सगळ्यांना विचारून झालं होतं. ज्यांच्याकडे टेप होते ते हयात नव्हते, आणि त्यांच्या मुलांनी घरं बदलताना सामान काढून टाकलं होतं.

"म्हणजे कळलं, एवढंच," मनोरमाबाई म्हणाल्या.

"हो, काकू. एवढंच."

७

आवाज प्रथम अनुश्रीने ऐकला. खिडकीकडून आला होता. घशातून काढलेला, सुरुवात असलेला आणि पुढे काही नसलेला.

धारकरांनी डावा हात उचलला होता. डोळे उघडे होते, स्वच्छ होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं, आणि त्यांना काहीतरी म्हणायचं होतं.

"काय, बाबा?" संजीव धावला आणि खुर्चीपाशी गुडघ्यावर बसला. "काय हवंय?"

ओठ जुळले, सुटले. पुन्हा जुळले. शब्द आला नाही.

"पाणी?" मनोरमाबाई पेला घेऊन आल्या. धारकरांनी मान हलवली. नाही.

"खांदा दुखतोय? इथे? इथे?"

नाही.

"आत नेऊ? पडायचंय? अहो, बाथरूमला जायचंय का?"

नाही. हात तसाच वर होता, आणि बोट पुढे.

"रागावलात का माझ्यावर?" संजीवने विचारलं. "बाबा, माझ्यावर रागावलात?"

धारकरांनी डोळे मिटले आणि उघडले. ते हो होतं की नाही, कुणालाच कळलं नाही. पुन्हा तोच आवाज आला, आता जास्त जोराने. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"श्रेया, तुम्ही बघा ना," अनुश्री म्हणाली. "तुम्हाला समजतं."

श्रेया त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली आणि त्यांच्या बोटाच्या रेषेत पाहू लागली. रेषेत टेबल होतं. टेबलावर लॅपटॉप होता. टेबलाशी मनोरमाबाईंची खुर्ची होती, आता रिकामी. त्यापलीकडे भिंत, भिंतीवर पंख्याचं बटण, आणि उघडं दार. त्यांना यातलं काहीही हवं असेल. यातलं काहीच हवं नसेल, नुसतं एक वाक्य म्हणायचं असेल. तिने पंखा लावला. बंद केला. दार लोटलं. लॅपटॉप उचलून त्यांच्यासमोर धरला. प्रत्येक वेळी तिने मागे वळून त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि प्रत्येक वेळी मान तशीच हलली.

थोड्या वेळाने त्यांनी हात खाली घेतला आणि मांडीवर ठेवला. चेहऱ्यावर राग दिसत नव्हता. बोलणं संपवून माणूस जसा गप्प बसतो, तसे ते बसले.

संजीव फरशीवरून उठला नाही. मनोरमाबाई आत गेल्या. येताना त्यांनी शाल आणली, मग चष्मा आणला, मग कालचं वर्तमानपत्र आणलं. एकेक वस्तू त्या त्यांच्या डोळ्यांसमोर धरत आणि विचारत, "हे का? अहो, हे का?"